झाडावरच्या माणसाला लेमन केक

...आणि बादली कोणाची, तर माझी! नाही, तुम्हीच सांगा मला. केक बायकोने केला, ठीक आहे, अंडी तिची, लिंबं तिची, ओव्हन दोघांचा धरू... पण ज्या बादलीत बसून तो केक दोरीने सरसर वर झाडावर गेला ती बादली माझी! निळी, कडीला चिंधी गुंडाळलेली, नऊ वर्षं मी त्या बादलीतून प्रदर्शनाच्या भोपळ्याला शेणखत घालतोय! आता शेणखताच्या बादलीतला केक खाणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, याची मी चार दिवस वाट बघितली, तुम्हाला सांगतो. काही झालं नाही. उलट गडी आणखी टवटवीत! आणि मी जळत नाही हं, आधीच सांगून ठेवतो, गैरसमज नको. मला जळायचं कारण काय?

मी नॉर्मन पुडिफट. लिटल ॲम्बर्टनच्या रेल्वेविरोधी समितीचा सेक्रेटरी, आजचा नाही, अकरा वर्षांचा! लंडनहून बर्मिंगहॅमला वाऱ्याच्या वेगाने जाणारी नवी रेल्वे, ती म्हणे बरोबर आमच्या गावातून जाणार. आणि थांबणार? छे! धूळ आमची, खड्डे आमचे, आणि गाडीत बसणार दुसरेच! कशासाठी हा सगळा आटापिटा, तर माणूस बर्मिंगहॅमला अर्धा तास लवकर पोचावा म्हणून. अहो, मी गेलोय बर्मिंगहॅमला. तिथे अर्धा तास लवकर पोचायची घाई झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

आमच्या दारातून पोस्ट दिसतं. लाल पेटी दिसते, पेटीवर बसलेलं कबुतर दिसतं. पूर्वी तीन मिनिटांत चालत जायचो, आता मधली वाट खणून ठेवलीय, गाडीने सात मैलांचा वळसा! म्हणजे रेल्वेविरुद्ध पत्र टाकायला मी सात मैल जातो, आणि ते कोणामुळे, तर रेल्वेमुळे! दिवसभर डंपर. पबमध्ये छताचं प्लास्टर सूपमध्ये पडलं, आणि लोकांनी मीठ समजून ढवळलं. आमचे शेजारी हॉब्स, त्यांचं घर रेल्वेवाल्यांनी घेऊन पाडलंसुद्धा, त्यामुळे आता आमच्या वॉटरी लेनवर घर उरलंय एकच. आमचं.

आणि पत्रं किती लिहिली मी? एकशे चौदा! आराखड्यावर, आवाजावर, चिखलावर, बेडकांवर... प्रत्येकाला उत्तर एकच. “आपलं पत्र मिळालं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.” एकशे चौदा वेळा मोलाचं! बेरिल, म्हणजे आमची सौ., पाकिटं चिकटवता चिकटवता म्हणायची, “नॉर्मन, वाचतं का रे हे कोणी?” मी म्हणायचो, “अगं, पाण्याच्या थेंबाने दगड झिजतो.” ती म्हणायची, “दगडाचं माहीत नाही, माझी जीभ झिजली.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं हो. आणि एप्रिलात हा उगवला!

आमच्या गल्लीच्या टोकाला ओकचं झाड आहे, चारशे वर्षांचं. त्याच्या बुंध्यावर रेल्वेवाल्यांनी लाल रंगाने दोनशे बारा आकडा मारला. पाडायच्या झाडांचा नंबर! आणि एका सकाळी बघतो तर वर, तीस फुटांवर फळ्या, फळ्यांवर निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीतून बाहेर आलेली दाढी. नाव काय म्हणे? मॉस. मॉस म्हणजे शेवाळ! आईबापांनी चांगलं जेरेमी ठेवलेलं, पण झाडावर चढल्यावर शेवाळ. वय एकसष्ट. स्वॉन्सीला भूगोलाचा मास्तर होता, रिटायर झाला आणि झाड वाचवायला झाडावर चढला. अहो, आमच्याकडे रिटायर झालेला माणूस गुलाब लावतो! तरी मी रीतसर गेलो झाडाखाली, टाय लावून, म्हटलं, “समितीतर्फे आपलं स्वागत.” तर वरून म्हणतो कसा, “थँक्यू, भावा!” भावा? माझा सख्खा भाऊ लीड्सला असतो, तो कधी मला भावा म्हणाला नाही.

पहिल्या दिवशी बेरिलने त्याला थर्मासातून चहा नेला. माणुसकी आहे, मी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सूप. तिसऱ्या दिवशी लेमन केक! आता मला डॉक्टरने कोलेस्टेरॉल सांगितल्यापासून आमच्या घरात केक बंद. सहा वर्षं मी उकडलेली ब्रोकोली खातोय, तुम्हाला सांगतो, आणि ओव्हनमधून तो वास येतो, लिंबाचा, लोण्याचा... मी आपला काटा-सुरी घेऊन टेबलाशी. तर ही म्हणते, “तुला नाही तो. तो मॉसचा.” चौथ्या दिवशी त्याच्यासाठी लोकरीची टोपी. दोन दिवसांत विणून! माझा स्वेटर गेल्या तीन हिवाळ्यांपासून एका बाहीचा पडलाय. पण मी जळत नाही हं. ज्याला टोपी लागते त्याला टोपी, ज्याला बाही लागते त्याने... वाट बघावी.

पण ते हसणं! टोपीचं सोडा, केकचं सोडा, ते हसणं नाही हो सहन होत. दुपारी मी भोपळ्यापाशी उभा असतो आणि गल्लीच्या टोकाकडून बेरिलचं हसणं ऐकू येतं. खळखळून, मधेच किंचाळून! असं हसताना मी तिला शेवटचं ऐकलं ते वेमथला, लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, जेव्हा समुद्रपक्ष्याने माझ्या हातातला मासा पळवला होता. त्यानंतर मी तिला हसवायला काय काय नाही केलं? ...काही केलं नाही, खरं सांगायचं तर. पण मी घरात होतो ना! रोज होतो!

आणि पोस्टातल्या मिसेस ऑडली. सात मैल गाडी हाणून मी जातो तिकिटं घ्यायला, तर बाई चष्म्यावरून बघतात, गोड आवाजात, “मिस्टर पुडिफट, तुमच्या बेरिलबाई हल्ली दिसत नाहीत बाई कुठे. झाडाखालीच असतात, नाही का? हवा चांगली असेल तिथली.” आता ह्या बाईंना माझ्या घरातल्या हवेची काळजी!

शेवटी म्हटलं, बास. नवरा आहोत आपण. आज सरळ विचारायचंच. आणि विचारलं मी, चहाच्या टेबलावर, तिच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, “आज जरा गारठाच आहे, नाही?” आता चौतीस वर्षांच्या संसारात बाईला समजायला नको, नवरा काय विचारतोय? तर ती म्हणते, “हो ना रे! वर तर फारच असेल. तुझी रजई देऊन येऊ का त्याला?”

रजई गेली, तुम्हाला सांगतो. बदकाच्या पिसांची.

मग मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि इंग्रज माणसाची आग मस्तकात गेली की तो काय करतो? पत्र लिहितो! एकशे पंधरावं. रेल्वेलाच! “महोदय, झाड क्रमांक दोनशे बारावर एक इसम बेकायदा राहतो, त्यापासून महिलावर्गाच्या सुरक्षेस धोका संभवतो, तरी सदर झाड इसमासह शक्य तितक्या लवकर हटवावं.” खाली नाव नाही घातलं. एवढा मी मूर्ख नाही. खाली लिहिलं, “वॉटरी लेनवरचा एक रहिवासी.”

हसताय? हसा. माझ्या ते डोक्यातच नाही आलं हो!

दहा दिवसांनी गावच्या सभागृहाबाहेर रेल्वेवाल्यांनी नोटीस लावली, ही एवढ्या मोठ्या अक्षरांत. “वॉटरी लेनवरील रहिवाशाच्या विनंतीस मान देऊन झाड क्रमांक दोनशे बारा येत्या सोमवारीच पाडण्यात येईल.” विनंतीस मान! अकरा वर्षं, एकशे चौदा पत्रं, बेडूक, चिखल, आवाज, एकाला मान दिला नाही, आणि मान दिला तो नेमका ह्याला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. अख्ख्या गावाने वाचलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. आमच्या गावात बोलत नाहीत. मिसेस ऑडलींनी फक्त तिकिटं देताना “गुड मॉर्निंग”मधलं “गुड” काढून टाकलं.

आणि बेरिल? बेरिलने वाचलं, घरी आली, केटली ठेवली, आणि पाठमोरीच म्हणाली, “ठीक आहे.” बायकोचं “ठीक आहे” ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको.

शनिवारी शेवाळबुवा ती नोटीस स्वतः वाचायला म्हणून खाली उतरत होते, तर शेवटच्या चार फुटांवर पाय सटकला, घोटा हा असा सुजला, टम्म! डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. आता त्याला नेणार कुठे? गल्लीत घर एकच! तो आला, भावा-भावा करत, माझ्या खांद्यावर हात टाकून. माझ्या पाहुण्यांच्या खोलीत झोपला. मी मनात म्हटलं, जाऊ दे नॉर्मन, निदान झाडावरून तरी उतरला. आता सोमवारी झाड जाईल, हा बरा होऊन स्वॉन्सीला जाईल, बेरिल घरी, मी घरी, ब्रोकोली तर ब्रोकोली...

रविवारी बेरिल चर्चहून आली, पँट घातली, कमरेला शेवाळबुवांचे ते पट्टे बांधले. म्हटलं, “कुठे निघालीस गं?”

म्हणाली, “वर.”

अहो, सहासष्ट वर्षांची बाई! पण चाळीस वर्षं चर्चच्या घंटेचा दोर ओढलाय तिने, दंड बघा एकदा. चढली की हो सरसर! मी खाली तोंड उघडं टाकून उभा, आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते हसणं! ती शिकवणी चालली होती! गाठ कशी मारायची, पाय कुठे अडकवायचा, आणि ही घसरली की दोघं हसायची. मी ओरडलो, “मला का नाही सांगितलंस?” तर वरून म्हणते, “सांगितलं होतं. तू म्हणालास, थांब, एवढा परिच्छेद संपू दे.”

मग मात्र माझा बांध फुटला. मी जळत नाही म्हणतो ना मघापासून? जळत होतो! आतून नुसता जळत होतो! आणि तिथे झाडाखाली उभं राहून, सगळं गाव चर्चमधून परत येत असताना, मी मान वर करून ओरडलो, “बेरिल, खाली ये! चुकलं माझं! मला जळायला झालं होतं गं!” आमच्या गावात इतक्या मोठ्याने कोणी शेवटचं बोललं होतं ते महायुद्ध संपलं तेव्हा. मिसेस ऑडलींच्या हातातली छत्री मिटली.

वरून बेरिल म्हणाली, “मला ठाऊक होतं रे. पण म्हणून झाड पाडायला सांगायचं?”



सोमवारी सकाळी दहा जण आले, पिवळी जाकिटं, करवती, क्रेन. त्यांचा मुकादम वर बघून म्हणतो, “मॅडम, खाली या.” बेरिल म्हणाली, “येणार नाही. ओढून काढणार असाल तर जरा हलक्या हाताने, डावा गुडघा दुखरा आहे.” मुकादमाने हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, कुठे कुठे फोन केले, तोवर टीव्हीवाले आले, वकील आले... थोडक्यात, कोर्टाने सांगितलंय, ऑक्टोबरपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. मी माझं पत्र मागे घेतो असं एकशे सोळावं पत्र पाठवलं. उत्तर आलं. माझं मत त्यांच्यासाठी मोलाचं आहे.

आता परिस्थिती काय, तर बेरिल झाडावर, आणि शेवाळबुवा माझ्या खुर्चीत, माझ्या सपाता घालून. सकाळी त्यांना मी सॉसेज तळून देतो. “भावा, जरा करपव हं,” म्हणे! आणि झाडाखाली गावाची ही रांग... कोणी ॲपल-पाय आणतंय, कोणी जॅम, खाटीक मटण पाठवतोय, शेजारच्या गावच्या बायका बसने येतात तिला बघायला. तिला म्हणतात आमची बेरिल. आमची! आणि मला काय म्हणतात? “हे त्यांचे मिस्टर.” पूर्वी निदान एका माणसावर जळायचं होतं, तुम्हाला सांगतो, आता अख्ख्या जिल्ह्यावर जळायचं म्हणजे माणसाने करायचं तरी काय! संध्याकाळी घरी गेलं की तिची खुर्ची दिसते. नको वाटते हो ती रिकामी खुर्ची. मला ती घरी हवीय, आणि ती यायची नाही, आणि तिचं बरोबर आहे, हे सगळ्यात वाईट.

म्हणून मग मीच चढायला शिकतोय. काय करणार! शिकवतो कोण? शेवाळबुवा! खुर्ची टाकून बसतो झाडाखाली, सुजका पाय स्टुलावर, आणि काठीने दाखवतो, “भावा, डावा... डावा... तुझा दुसरा डावा!” नऊ दिवस झाले. चार फूट झालेत. एकूण तीस आहेत.

पबमध्ये पैजा लागल्यात. बेरिलपर्यंत आधी कोण पोचतं, नॉर्मन की रेल्वे? आता ही रेल्वे, जी अकरा वर्षांत आमच्या गावात एक रूळ टाकू शकली नाही, जिची तारीख दरवर्षी पुढे जाते, त्या रेल्वेवर गावाने पैसे लावलेत! सगळ्यांनी! मिसेस ऑडलींनी तर पाच पौंड, आणि शेवाळबुवाने माझ्याच घरात बसून दोन! म्हटलं, जाऊ दे, जगाचं काय घेऊन बसलात. काल दोरीला लोंबकळत होतो, चार फुटांवर, मान वर केली आणि विचारलं, “बेरिल, तू तरी माझ्यावर लावलेस ना गं?”

“लावणार होते रे,” ती म्हणाली, “पण मला इथून तू चढताना स्पष्ट दिसतोस.”