फक्त एका गुणाने

व्हिएन्नात बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे सरकारी कचेरीतल्या दोघी उभ्या होत्या.

“आमच्या कचेरीतला ओटोकार दर गुरुवारी कॅफेत आमच्या बड्या साहेबांशी, हॉफराटसाहेबांशी, पत्ते खेळतो. अकरा वर्षं मुद्दाम हरतोय.”

“मुद्दाम हरायला काय अक्कल लागते?”

“अगं, दरवेळी बरोब्बर एकाच गुणाने! साहेबांना आधी घाम फुटतो, मग आनंद गगनात मावत नाही.”

“बाप रे! म्हणजे दोघांचेही पत्ते मनात ठेवावे लागत असतील!”

“अख्ख्या शहरात असा खेळाडू नसेल.”

“मग या वेळची बढती त्यालाच?”

“छे! साहेब म्हणाले, ‘अकरा वर्षांत ज्याला एक डाव जिंकता आला नाही, तो खातं काय चालवणार?’”

“अरेरे! मग ओटोकार?”

“उठला, कमरेत वाकला नि म्हणाला, ‘काय पारख आहे, हॉफराटसाहेब!’”