ही बसू देत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नरसिंहराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या डॉक्टर श्यामला गलगली, सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर बसणारे डॉक्टर त्रिविक्रम, मंडळाचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या बंधु-भगिनींनो! शिवाय जे आत्ता मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकलेत आणि फोनवर 'पोचलोच' म्हणून सांगतायत, त्यांनाही माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत 'पद्मनाभ हुक्केरीकर' या नावापुढे 'हितचिंतक' असं छापलंय. छापणाऱ्यांनी माझी अब्रू राखली, त्यांचा मी आभारी आहे. पण खरं सांगायचं तर मी पेशंट आहे. एचएसआर लेआउटमधल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सात वर्षं बाकावर बसलेला पेशंट. मला सायकोसिस आहे. म्हणजे कोणी नसताना मला आवाज ऐकू यायचा, आणि तो खराच वाटायचा. असू दे. अवघड वाक्य होतं, संपलं.

डॉक्टर निवृत्त होणार हे कळल्यापासून मला एकच धास्ती आहे. सोमवारी डॉक्टर त्रिविक्रम माझी फाईल उघडतील. फाईल चांगली जाडजूड आहे हो, पण त्यात मी कुठे आहे? मला लागू पडणारी गोळी सापडायला तीन वर्षं लागली. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बदलली तर? ही धास्ती तुमच्यापुढे मांडतो आणि मग बसतो.

पहिल्या भेटीत डॉक्टर अक्कांनी काय विचारलं असेल? "आवाज कुठल्या भाषेत बोलतो?" मी म्हटलं, "मराठीत. तेही पुण्याच्या." मी हुक्केरीकडचा, आमच्या बोलण्यात निम्मं कन्नड. आवाज मात्र एकदम शुद्ध! दिवसभर माझा 'न' आणि 'ण' सुधारायचा, आणि मधूनच सांगायचा की मी काम करतो त्या लॅबमधले सगळे माझ्यावर टपलेत. आमची ही पुण्याची. ती बघा, दुसऱ्या रांगेत बसलीय, सुखदा. पहिले दोन महिने मला वाटलं, हीच आतल्या खोलीतून बोलतेय. एकदा मी ओरडलोसुद्धा, "किती चुका काढशील?" तेव्हा ही भाजी आणायला गेली होती. त्या दिवशी मात्र मी घाबरलो.

डॉक्टरांनी पहिली गोळी दिली. आवाज गेला, पण हात थरथरायला लागले. आता तुम्ही म्हणाल, स्वल्प थरथरले तर काय बिघडलं? अहो, मी लॅबमध्ये कवळ्या करतो! मेणात एकेक दात बसवायचा असतो. आपल्या अध्यक्षांचं हसू माझ्या हातचं आहे. अण्णा, एकदा हसून दाखवा. बघा! पण हे झालं दुसरं. पहिलं हसू त्या थरथरीतलं होतं. ते लावून अण्णा सत्यनारायणाची कथा सांगायला बसले आणि प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायला लागली. 'सत्यनारायण' म्हटलं की बाहेरचा वॉचमन गेट उघडायचा. अण्णांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तरी शिट्टीच वाजली असती म्हणा.

दुसऱ्या गोळीने हात स्थिर केले आणि बाकी सगळं बंद केलं. अकरा किलो वजन वाढलं, आणि भर दुपारी मी मेणाच्या जबड्यावर डोकं टेकून झोपलो. उठलो तेव्हा गालावर बत्तीस दात उमटले होते. मी दवाखान्यात तणतणत गेलो, "ही गोळी माणसांना द्यायच्या लायकीची नाही!" तर शेजारी बसलेल्या भाग्यलक्ष्मी अक्का म्हणाल्या, "असं म्हणू नका हो, मी त्याच गोळीवर माणसात आलेय." त्यांना वर्षभर झोप नव्हती, अन्न जात नव्हतं. माझ्या जिवावर उठलेली गोळी त्यांना अमृत झाली होती. हे त्यांना विचारूनच सांगतोय, त्या मागे बसून मान हलवतायत.

डॉक्टर तेव्हा म्हणाल्या, "गोळी वाईट नाही, पद्मनाभ. तुमचं-तिचं जमत नाही. दुसरी बघू." हे स्थळ बघितल्यासारखंच झालं, आणि चौकशीही तशीच झाली. घरात कुणाला साखर आहे? किती वाजता उठता? हाताने काय काम करता? आणि शेवटी, कुठला त्रास चालेल आणि कुठला अजिबात चालणार नाही? असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तोंड कोरडं पडलं तर चालेल, हात नको."

तिसरी गोळी आली. आवाज बंद, हात स्थिर, डोळे उघडे. मी म्हटलं, सुटलो! इथेच आमच्या मल्लाप्पांचं आगमन होतं.

मल्लाप्पा म्हणजे दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवरचे. ही नवी गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नव्हती. मी कामावर, म्हणून गोळी आणायला ही गेली. मल्लाप्पांना मराठी येत नाही, हिला कन्नड येत नाही. ते सांगत राहिले, "हालु जोते, मॅडम, हालु जोते." आता कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध, हालु जोते म्हणजे दुधाबरोबर. हिला ऐकू आलं, हालू, जोरात! घरी येऊन हिने मला आज्ञा केली, "गोळी घेतली की बसायचं नाही. हालायचं. जोरात." मी कन्नड येणारा माणूस हो! पण माझ्यापर्यंत कन्नड पोचलंच नाही, हिचं भाषांतर पोचलं.

झालं. संध्याकाळी जेवून गोळी घ्यायची आणि पाऊण तास गच्चीवर हात हलवत जोरात फेऱ्या मारायच्या. जरा टेकलो की ही जिन्यातून हाक मारायची, "हालताय ना?" शेजारचे बिचारे गच्चीवर कपडे वाळत घालायचे थांबले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेतल्यावर कसं वाटतं?"

"फिरतो. पाऊण तास."

"रोज?"

"एक दिवस चुकत नाही."

"बसावंसं वाटत नाही?"

"वाटतं की. पण ही बसू देत नाही."

मंडळी, आपल्यात बायकोचं नाव कोण घेतं? आपण 'ही' म्हणतो. पण मराठीत गोळीसुद्धा 'ही'च! काही गोळ्यांनी माणसाला खरोखरच एका जागी बसवत नाही. डॉक्टरांना वाटलं, तेच झालं. त्यांनी गोळी निम्मी केली.

पंधराव्या दिवशी मी दात घासत होतो. कानामागून आवाज आला, "'आनि' नव्हे, 'आणि'." मी ब्रश धरून तसाच उभा राहिलो. हे हसण्यावारी नेता येत नाही मला. वाटलं, हीसुद्धा गोळी गेली, आता आपल्यासाठी काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी या खेपेला हिला विचारलं, "हे फिरतात तरी का इतके?"

ही म्हणाली, "मीच फिरवते! तुमच्याच मल्लाप्पांनी सांगितलंय, हालू, जोरात."

मल्लाप्पांना बोलावलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अय्यो! हालु अंद्रे हालु, मॅडम!" आणि आत जाऊन चहासाठी ठेवलेली दुधाची पिशवीच घेऊन आले. डॉक्टर हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "पद्मनाभ, चूक माझी. 'ही' म्हणजे कोण, हे मी विचारायला हवं होतं. मला माफ करा." इतक्या शिकलेल्या बाईंनी बाकावरच्या पेशंटची माफी मागितली हो. मी आपला कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत राहिलो. गोळी पूर्ववत झाली, महिन्याभरात आवाज पुन्हा गेला. तेव्हापासून त्या दवाखान्यात गोळी हातात पडली की ती कशी घ्यायची, हे पेशंटने आपल्या भाषेत परत सांगायचं असतं. त्याशिवाय मल्लाप्पा खिडकीतून हलू देत नाहीत.

आता माझी धास्ती. डॉक्टर अक्कांनी डॉक्टर त्रिविक्रमांसाठी माझ्याबद्दल एक चिठ्ठी लिहिलीय आणि ती आधी मला वाचायला दिली. त्यात गोळीचं नाव आहे, डोस आहे, आणि खाली लिहिलंय, "हे कवळ्या करतात. आधी हात बघा. काहीही बदलण्यापूर्वी यांना विचारा, सुखदांना विचारा, आणि दोघं एकच सांगतायत ना, ते बघा." चिठ्ठी मी दिली. पण चिठ्ठी वाचली जाते का, हा प्रश्न होताच.

मघाशी चहाच्या वेळी डॉक्टर त्रिविक्रम माझ्याजवळ आले. आवाज येतो का, झोप लागते का, यातलं काही विचारलं नाही. मोडक्या मराठीत म्हणाले, "सध्या कुणाचे दात चाललेत?" म्हणजे चिठ्ठी वाचली होती! उत्तर माझ्याआधी हिनेच दिलं.

डॉक्टर अक्का, तुम्ही मला बरं केलंत असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तुम्ही मला विचारलंत. त्यासाठी माझा, हिचा आणि अण्णांच्या 'स'चा तुम्हाला नमस्कार. मंडळाने एका पेशंटच्या हाती माईक दिला, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. गोळीत मात्र, डॉक्टर त्रिविक्रम, कमी-जास्त करायचं झालं तर आधी मला विचारा. संध्याकाळी मी घरीच असतो, आणि आता निवांत बसलेला असतो.