फुलीची बाजू

नाही नाही मॅडम, ते तुकडे उचलू नका, ते फेकायचेच आहेत. पेन्सिलीची फुली दिसतेय ना? सुतारकामाच्या पहिल्या तासाला मी तेच शिकवतो — रेघ मारली की जी बाजू नको तिच्यावर फुली, म्हणजे करवत भलतीकडे जात नाही. चोवीस वर्षं तेच सांगतोय, झोपेत विचारलंत तरी सांगेन. बसा ना. त्या स्टुलावर नको, ते पोरांनी केलंय — डुगडुगतं! तर तुमच्या शिक्षण खात्याला एकदाची जाग आली म्हणायची. शाळेत आणखी तीन वर्कशॉप — वीजकाम, वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती — आणि निम्म्या जागा मुलींना? छान. छानच. दहा वर्षांपूर्वी आला असतात तर... काही नाही हो. भुसा गेला डोळ्यात.

मुलींना जमतं का? अहो, काय विचारता! आमची ठकी — माझी मुलगी, ह्याच शाळेत होती — आठवीत तिनं एक सांधा जोडला होता, मधे कागद जाईल तर शपथ. शाळा सुटली की रोज इथंच. मला वाटायचं, झालं, माझ्यामागे हे वर्कशॉप हिचंच. मग नववीचा विषय निवडायचा फॉर्म घरी आला माझ्या सहीसाठी — तिनंच भरून टेबलावर ठेवलेला — बघतो तर काय, सुतारकामावर फुली. ही एवढी, ठसठशीत. माझीच पोर, मीच शिकवलेली फुली! म्हणजे बापाचं काम टाकाऊ. सरळ तोंडानं सांगायचं ना? मीही हट्टी. सही केलीच नाही. फॉर्म खिशात घातला आणि ऑफिसात जाऊन क्लार्कला सांगितलं, हिला विज्ञानात टाका. तिच्याशी एक अक्षर बोललो नाही.

आणि पहिल्या दिवशी ही बया एप्रन घालून ह्या दारात उभी! मला वाटलं, आली बापाची समजूत घालायला. सगळ्या वर्गासमोर म्हणालो — तुझं इथं काय काम? जा तुझ्या वर्गात. तिनं एप्रन काढला, नीट घडी केली, त्या कोपऱ्यातल्या बाकावर ठेवला आणि गेली. विज्ञानात दोनदा नापास झाली, मग घरच सोडलं. सात वर्षं झाली. नंबर आहे माझ्याकडे. उचलत नाही. मी तरी म्हणतो, जिला आपलं काम नको तिला आपण कशाला हवेत — असं म्हणतो, आणि दर रविवारी फोन लावतो.

जाऊ दे. आणा तुमचा विषय निवडायचा नवा फॉर्म, मंजुरीची सही कुठं करू — काय म्हणालात? हव्या त्या विषयावर फुली? हव्या त्या? नाही हो, नको त्याच्यावर असणार... पहिल्यापासून असंच? सगळ्या फॉर्मवर? थांबा जरा. माझ्या पाकिटात आहे तो — रागानं ठेवला होता, मग टाकवला नाही — घड्यांवर फाटलाय, जपून धरा. ही वरची बारीक ओळ वाचा बघू. मी तेव्हा चष्मा लावलाच नव्हता, फुलीच बघितली नुसती. वाचा. मोठ्यानं वाचा.

पुन्हा वाचा.

...तुम्ही जा आता, मॅडम. यंत्रांची यादी उद्या करू. दार ओढून घ्या जाताना. आणि तो बाकावरचा एप्रन — नको, राहू दे, त्याला हात लावू नका.