मिशीतली चमकी

खालापूरला कर्जतची एसटी येईना, तोवर रांगेतल्या पुढच्या मायलेकींचं बोलणं सुनिताच्या कानावर पडत होतं.

"आई, ताई पळून गेली त्याला वर्ष झालं. आता तिनं हातानं कार्ड करून पाठवलं, भेंडीचे ठसे मारले, चमकी लावली. 'बाबा' लिहून वर ती फुगायची पावडर टाकली, तव्याच्या धगीवर अक्षरं फुगवली. आणि बाबा म्हनतात, मी बघनार नाय."

"म्हनूदे."

"मग ताईला काय कळवू? दिवाळीला येऊ नको?"

"जावयाला घेऊन ये म्हनून कळव."

"बाबा काय बोलले का?"

"ते कशाला बोलतायत? सकाळी मी चहा द्यायला गेले, तर त्यांच्या मिशीत चमकी."

"तू सांगितलंस त्यांना?"

"नाय गं. तसेच गेले डेअरीवर."