नर्गिसच्या कांद्याची झोप

हसू नका, पन या वर्षी एका नर्गिसच्या कांद्यानं माही झोप उडवली. दिवाळीच्या आसपास पानाआधीच फूल देनारी जात, म्हनून मुद्दाम मागवली अन् ऊर्जानगरच्या क्वार्टरमागं कुंडीत लावली. कंपनीची बस यायच्या आधी मी रोज माती उकरून पाहो, कोंब आला का म्हनून. बायको म्हने, "अवो, झोपू द्या ना त्याले!"

मंग मी लवकर पिकनारा हलका धान कापाले पोंभुर्ण्याले भावाकडं गेलो. वापस येऊन पाह्यतो तं कुंडीत पांढरंशुभ्र फूल! मले रागच आला.

"मी होतो तवा काऊन नाई आलं हे?"

माहा हात पुन्हा मातीकडं गेला. बायको वरडली, "हात काढा! तुम्ही नव्हते तं त्याले बी आराम भेटला, अन् मले बी."