चढत्या चंद्राची वाइन

...मीठ! अहो, नुसतं मीठ मागायचंय! मिठाचं भांडं बाबांच्या कोपरापाशी, आजोबा त्यांच्या शेजारी, जरा हात लांब केला की पोचेल... पण नाही! आजोबा बघणार माझ्याकडे, मी बसलेय टेबलाच्या पार त्या टोकाला, आणि म्हणणार, "जिनेव्रा, तुझ्या बापाला सांग, मीठ दे म्हणावं." बाबांनी सगळं ऐकलेलं असतं हो, पण तेही माझ्याकडे बघून, "जिनेव्रा, तुझ्या आजोबांना सांग, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय!"

एप्रिलपासून हे चाललंय. आणि निरोप्या कोण? तर शाळेत हजेरी देताना जिचे कान लाल होतात ती! घरात दुसरं कुणी नव्हतं का? आई आहे ना! पण आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी या भानगडीत नाही," आणि शेवया कापायला बसली.

तुम्हाला सांगते, सगळं त्या चंद्रामुळे. आमच्या दोल्यानी गावाकडे शहाणी माणसं बाटल्या भरतात त्या चंद्र उतरणीला लागल्यावर. चढत्या चंद्रात भरलेली वाइन बाटलीत झोपत नाही, चुळबुळत राहते, असं आजोबा म्हणतात, आणि त्यांचे आजोबाही म्हणायचे. आता आमची घरचीच वायनरी, बाटल्या भरायचं यंत्र कुठलं परवडायला! ते येतं भाड्याने, ट्रकवर बसून, गावोगाव हिंडत. त्या ट्रकवाल्याने दिवस दिला तो नेमका चढत्या चंद्राचा. बाबांनी टाकली भरून. आजोबा तेव्हा कुठे? न्हाव्याकडे! गुळगुळीत दाढी करून परत येतात तो काय, सगळ्या बाटल्यांना बुचं बसलेली.

"तुझ्या बापाला सांग, मला विचारलंसुद्धा नाही!"

"तुझ्या आजोबांना सांग, विचारलं असतं तर भरूच दिली नसती! चंद्र काय दुसरा ट्रक पाठवणार होता?"

झालं! त्यात आमच्या घरची रीत अशी, की नव्या डोल्चेत्तो वाइनचा पहिला घोट घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने घ्यायचा, त्याआधी एक बाटली दाराबाहेर जात नाही. आजोबांनी हाताची घडी घातली ती घातलीच. तळघर गच्च भरलेलं, गिऱ्हाइकांचे फोन, "सेकोंदो आजोबांनी घोट घेतला का हो?" आणि फोन कुणी घ्यायचा? मीच!

बाबा वेलींमध्ये जाऊन एकटेच बडबडतात. आजोबा तळघराच्या पायरीवर बसून बंद दाराकडे बघतात. मी दोघांकडे बघते. परवा जेवताना आजोबांना जोराचा ठसका लागला, बाबांचा चेहरा पांढराफटक, खुर्चीतून अर्धे उठले, हातसुद्धा पुढे केला... मला वाटलं, आता बोलणार, आता नक्की... आणि म्हणाले काय? "जिनेव्रा, तुझ्या आजोबांना पाणी दे."

गेल्या रविवारी आईचाच ताबा सुटला. उकाडा मरणाचा, आणि तिने कुणाला न विचारता तळघरातून एक बाटली आणून टेबलावर आपटली. "प्या, नाहीतर सगळ्याचा शिरका करते!" बाबांनी बूच ओढलं मात्र... फट्! बूच छताला, फेस टेबलभर, बाबांचा सदरा जांभळा!

 मी डोळे मिटून घेतले. आता आजोबा म्हणणार, सांगितलं नव्हतं? पण त्यांनी ग्लास पुढे केला. प्यायले. जीभ टाळ्याला लावून बसले जरा वेळ. "चेरी... काळं आलुबुखार... आणि वर या गुदगुल्या! माझ्या लहानपणी अश्शीच असायची! जिनेव्रा, तुझ्या बापाला सांग, झकास जमलीय, पाठव म्हणावं गिऱ्हाइकांना!"

माझ्या जिवात जीव आला हो! सुटले! आणि बाबा? सदरा झटकत उभे!

"तुझ्या आजोबांना सांग, ही बिघडलेली वाइन आहे, माझ्या दारातून बाहेर जाणार नाही!"

"सांग त्याला, बिघडवली कुणी?"

"सांग त्यांना, चंद्राने नाही! रसात गोडी राहून गेली होती, ती बाटलीत फसफसली!"

"सांग त्याला, ती राहिलीय हे चंद्राला कळलं, त्याला नाही कळलं!"

आणि मी... मला नाही माहीत मी कशी उठले, कान तर असे पेटलेले, आणि ओरडले, मी! "एकमेकांशी बोला ना!"

 मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं, अहो, एप्रिलनंतर पहिल्यांदा! आणि दोघे वळले, आणि एका सुरात मला म्हणाले, "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही!"

म्हणून आता मी बोलत नाही. मोठ्यांची आज्ञा! तळघरात मधूनच एखादं बूच उडतं, फट्, दोघे दचकतात, माझ्याकडे बघतात. मी शेवया खाते. मिठाचं भांडं तिथंच, बाबांच्या कोपरापाशी. आजोबा मागत नाहीत, बाबा देत नाहीत. आजोबा आठवडाभर अळणी जेवतायत. आणि बाबा... भांडं हाताशी आहे, पण तेही चिमूटभर घालून घेत नाहीत. दोघांची ताटं अळणी, दोघांची तोंडं बंद.

काल डॉक्टर आले होते, आजोबांचा रक्तदाब बघायला.

ते तेवढे खूश आहेत.