गाडीभर तुकड्यांची फरशी

अगं ये, अशी जवळ ये. तिथं उंबऱ्यात काय बसलीस पाव्हन्यासारखी? दिवाळीला येते म्हनलीस आन् आता उन्हाळा लागल्यावर तोंड दाखवतीस, व्हय गं? बस, फरशीवरच बस, गार हाय. हिचंच इचारतीस ना, मग ऐक.

माझं माहेर श्रीरामपुराकडचं, दिलं नेवाशाच्या बाजूला, ह्याच घरात. तवा समदी जमीन शेणानं सारवलेली. दुष्काळाच्या आदल्या साली उसाच्या गाडीचं चाक आमच्या मालकांच्या पायावरनं गेलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागला. काय सांगू तुला, कुबडी घेऊन घरी आले तर कुबडीचं टोक सारवनात रुतायचं. एक खळगा बुजवला की दुसरा. दोनदा पडले. मग खाटेवरच भिताडाकडं तोंड करून बसायला लागले, बोलनं न्हाई, चालनं न्हाई. मी म्हनलं, ह्या जमिनीचं काय तरी केलंच पायजे, न्हाई तर ह्यो मानूस खाटेवरच संपंल.

अख्खी शहाबादी फरशी आपल्याला कुठली झेपायला? पन माझा दीर ऊस घेऊन श्रीरामपूरला जायचा, येताना गाडी रिकामी. तिथं फरशीच्या वखारीमागं फुटक्या तुकड्यांचा ढीग. वखारवाला म्हनला, दोन पायल्या बाजरी द्या आन् न्या भरून.

मी मुरूम चोपला, तुकडं मांडाय बसले. एक बसला की शेजारचा बसंना. तिसऱ्या दिशी खाटेवरनं आवाज आला, अगं, त्यो लांबोडा हिकडं घे, उलटा फिरव, डोळं हायती का बटनं? मी मुद्दाम चुकीचाच ठिवला. तसं ह्ये सरकत सरकत खाली आले, आन् निम्मं घर त्यांनीच बसवलं. सांधं मी चुन्यानं भरलं. लई चालायला लागले गं, खाट ते दार, दार ते खाट.

पाडवा आला. सासूबाई म्हनल्या, सनाला बिनसारवलेलं घर असतंय व्हय? आन् मी येडी, मीच शेण कालवलं, फरशीवरनं हात फिरवला. ह्ये गुढी उभारायला उठले आन् कुबडी सटाककन घसरली. आडवेच. मला वाटलं, संपलं, आता परत खाट. तर पडल्या पडल्या म्हनत्यात कसे, मला पाडायचंच हुतं तर जुनी जमीन काय वाईट हुती? आन् हसले. पायावरनं चाक गेल्यापासनं पैल्यांदा हसले बघ.

मग बसल्या बसल्या समदी फरशी त्यांनीच घासली, सासूबाई पानी वतायच्या, रडायच्या. धुऊन झाल्यावर ह्यांनी चुलीपुढचं दोन तुकडं उपटलं, म्हनले, आये, ही हातभर जागा तुझी, सारव किती सारवायचं ती. आन् कुबडीवर दारात जाऊन गुढी उभारली.

म्हातारी गेली, ती जागा आता मी सारवते. पोरगं म्हनतं चकचकीत टाइल्स टाकू. म्हनलं, तुझ्या खोलीत टाक, हिला हात लावू नको.

ऐकलंस का, टक टक? आले बघ पारावरनं. च्या घेतल्याबिगर ते तुला सोडायचे न्हाईत. आन् पुढच्या बारीला इतकं दिस लावू नको माझे बाई, लवकर ये, राहायलाच ये.